सव्वीस डोकी

मी शाळेची बस चालवतो आणि मला राग फार लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. बसमधल्या मावशींवर तर रोज यायचा. पोरं उतरताना प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायच्या, ते ठीक. पण सगळी उतरली की पार मागच्या सीटपर्यंत जायच्या, वाकून वाकून प्रत्येक सीटखाली बघायच्या. गुडघे कुरकुरायचे, तरी बघायच्या.

"मावशी, खाली सोनं पुरलंय का?" मी विचारायचो.

"तुम्ही आपलं पुढे बघा, भाऊ."

अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

त्या दिवशी मला ब्रेकच्या कामासाठी गाडी गॅरेजला न्यायची होती. मेकॅनिकची वेळ हुकली की दिवस बोंबलला. पोरं उतरली. एक पोरगा पाण्याची बाटली विसरला म्हणून परत वर चढला, परत उतरला. "सव्वीस," मावशी म्हणाल्या. चढलीही सव्वीसच होती. त्या मागे जायला वळल्या तसा मी खेकसलो, "अहो, भरले ना सव्वीस? आता सीटांचीही हजेरी घेताय का? मला गॅरेजला उशीर होतोय. उतरा!"

त्या जरा घुटमळल्या. मग उतरल्या.

गॅरेजला पोचलो तर शटर बंद! चरफडत गाडी उन्हात लावली, काचा बंद केल्या, कुलूप घातलं आणि समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. मोबाइल गाडीतच चार्जिंगला होता.

पाऊण तासाने मावशी दिसल्या. साठीची बाई, धावत येत होती, एका पायात चप्पल नव्हती.

"किल्ली! भाऊ, किल्ली! बाटलीवाला मी दोनदा मोजला! वर्गात जाऊन आले, पिटुकली नाही तिथे!"

पिटुकली म्हणजे बसमधली सगळ्यांत लहान, चार वर्षांची. रोज गाडीत पेंगायची. माझी पाचावर धारण बसली. किल्ली कुलपात जाईना. मावशींनी ती हिसकावून घेतली. दार उघडलं तशी आतून भट्टीसारखी धग आली.

शेवटच्या सीटखाली होती. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, डोळे मिटलेले. मावशींनी उचलून सावलीत आणली, पदर ओला करून तोंड पुसलं, मान पुसली. "पिटुकले, ए बाळा, उठ गं." पोरगी हलेना. मी नुसता उभा. देवा, एवढं वाचव, असं मनात किती वेळा म्हणालो कोण जाणे.

मग तिने डोळे उघडले आणि जे भोकाड पसरलं! इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

डॉक्टरने तपासलं, ठीक आहे म्हणाला. बाहेर येताच मी हळूच म्हणालो, "मावशी, झालं ते झालं. शाळेत सोडू. उगाच बोभाटा कशाला? नोकरी जाईल."

"जाऊ दे. उद्या पोरगी बस बघून किंचाळली, तर का किंचाळतेय ते आईला कळायला नको?"

शाळेच्या ऑफिसात तिची आई पोरीला छातीशी घट्ट धरून बसली होती. मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी चुकीचं मोजलं. मागे जाऊन बघायचं, तेही केलं नाही."

"का नाही केलं?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "राहिलं," म्हणाल्या.

मी शेजारीच होतो. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मूग गिळून उभा राहिलो.

मावशींना तिथल्या तिथे कामावरून काढलं. त्या गेल्यावर पिटुकलीची आई उठली, डोळे पुसले आणि माझ्यापुढे हात जोडले. "दादा, तुम्ही पोरीला वेळेत डॉक्टरकडे नेलंत. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही मुलांना पाठवतो."

"असू द्या ताई," मी म्हणालो.