आठव्या क्रमांकाची टाकी

नगरपालिकेत तिला सगळे 'यादीबाई' म्हणत. पुढच्या वर्षी शहरात कोणती मोठी कामं करायची याची यादी तीच तयार करायची. वॉर्डांतून दोनेकशे मागण्या यायच्या आणि पैसा पुरायचा जेमतेम आठ-नऊ कामांना. धोका किती, माणसं किती, बांधकाम किती जुनं, असे गुण देऊन ती क्रम लावायची. नवीन बाजार किंवा वाहनतळ बांधायचा असेल तर कर्ज सहज मिळे, कारण त्यातून उत्पन्न येणार. जुन्याच्या डागडुजीला मात्र कुणी कर्ज देत नसे. ती करातून उरलेल्या पैशांतच भागवावी लागे.

टेकडीवरची पाण्याची टाकी त्या वर्षी आठव्या क्रमांकावर होती. चावीवाले काका, म्हणजे रोज पहाटे त्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडणारे, स्वतः तिच्या टेबलापाशी आले होते. "बाई, खांबातली सळई उघडी पडलीय. बोट लावलं की गंज सुटतो हातात." तिने जाऊन पाहिलं आणि धोक्याला दहापैकी नऊ गुण दिले.

नवव्या क्रमांकावर धाकट्या बहिणीच्या गल्लीची जलवाहिनी होती. ऐन वेळी निधी कमी झाला आणि आठच कामं बसतील असं कळलं. बहीण चार वर्षं दोन मजले पाणी चढवत होती, तिची पाठ कायमची धरली होती. जेवताना ती एवढंच म्हणाली, "ताई, तुझ्या हातात असूनही आमच्या नशिबी बादल्याच का गं?"

दुसऱ्या दिवशी यादीबाईने टाकीच्या धोक्याचे नऊ गुण खोडून सात केले. टाकी नवव्या क्रमांकावर गेली, गल्लीची जलवाहिनी आठव्यावर आली. वर्षभर काढेल टाकी, असं तिने स्वतःला समजावलं. यादी सभेत बिनबोभाट मंजूर झाली. बहिणीच्या घरी नळ आला.

यादी मंजूर झाल्यापासून अकराव्या महिन्यात, सकाळी सहाच्या सुमारास, टाकी खांबांसकट कोसळली. चावीवाले काका व्हॉल्व्हपाशीच होते.

चौकशी नेमली गेली. यादीबाई न बोलावता चौकशी अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, तो आकडा मी बदलला. बहिणीसाठी."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही बदलला नसतात, तरी टाकीएवढ्या मोठ्या कामाची निविदा निघून ते सुरू व्हायला दीड वर्ष गेलं असतं. हे लिहून घेतलं तर उद्या प्रत्येक यादी उकरायला घेतील लोक. जा, कामाला लागा."

अहवालात 'निधीअभावी विलंब' एवढंच आलं. शिक्षा कुणालाच झाली नाही.

मग ती काकांच्या घरी गेली. काकू दारातच बसल्या होत्या. तिने सगळं सांगितलं, सातचा आकडासुद्धा. शेवटी काकूंनी विचारलं, "त्यांनी तुम्हाला सळईचं सांगितलं होतं?"

"हो."

"तुम्ही बघितली होती?"

"हो."

"मग आता मला कशाला सांगता? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून?"

ती परत आली.

तीन महिन्यांनी नवऱ्याच्या जागी काकूंना नोकरी लागली, शिपायाची, यादीबाईच्याच मजल्यावर. वॉर्डांच्या मागण्यांचे गठ्ठे आता त्याच आणून टेबलावर ठेवत. "सही करा," एवढंच म्हणत. यादीबाईने यादीचं काम दुसऱ्याला द्या म्हणून दोनदा अर्ज केला. वरून उत्तर आलं, अनुभवी माणूस दुसरा नाही. त्यानंतर प्रत्येक जागा स्वतः पाहिल्याशिवाय तिने गुण दिले नाहीत. यादीला उशीर होई, वरिष्ठ चिडत, आणि पैसा तरीही आठ-नऊ कामांनाच पुरे.

बहिणीला तिने कधीच काही सांगितलं नाही. तिच्याकडे जाणं मात्र कमी केलं. "तुला आमचं सुख बघवत नाही," असं बहीण एकदा रागाने बोलली, तेही तिने ऐकून घेतलं.

अशी सात वर्षं गेली. यादीबाईच्या निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाच्या साहेबांनी काकूंना सांगितलं, "तुमच्या हातून द्या यांना गुच्छ." काकूंनी गुच्छ टेबलावर ठेवला आणि त्या शेजारच्या खोलीत फाइल पोचवायला निघून गेल्या.