सरांविरुद्धच्या अर्जातली ती ओळ

आपल्या जुन्या फुटबॉल टीमवाल्यांनो, आज स्वतःवरच चिडलोय.

सकाळी बारामतीहून वालचंदनगरला जाऊन आपल्या कोच सरांना भेटलो. पहाटे कालव्याकडेनं पळवतात म्हणून आपण सगळ्यांनी अर्ज देऊन ज्यांना काढायला लावलं, तेच सर. नवे कोच आले, पळणं थांबलं आणि आपण पहिलाच सामना हरलो.

चहा घेताना सर म्हणाले, "'पाखरे निजलेली असता आमची पावले रक्ताळतात.' त्या अर्जातली ही ओळ अजून पाठ हाय मला. कुणी लिहिली हुती रं?"

कवितेच्या नादात मीच लिहिली होती. पण सत्तरी आली तरी जीभ रेटली नाही.

"आठवत न्हाय, सर."

उद्या परत जातोय, खरं सांगायला. सह्या करणाऱ्यांपैकी कोण येतंय?