रणगाड्यावरची आखणी

राजस्थानातल्या त्या वाळवंटात मी रणगाडे बघायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. लोक विचारतात, तोफा कशा होत्या, आवाज कसा होता. अरे बाबांनो, मी माझ्या दादाचा हात बघायला गेलो होतो.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना. साच्यातून मूर्ती काढायची, घासायची, रंगवायची, ही कामं दहा जण करतील. पण डोळे, म्हणजे आखणी, ती एकाच हाताची. आमच्याकडे आखणीला कुणी बसलं की दार ओढून घ्यायचं आणि आतल्या माणसाशी चकार शब्द बोलायचा नाही. आधी बाबा बसायचे, मग दादा बसायला लागला. दादाच्या हाताला जे होतं ते आपल्याही हाताला नाही, असं बाबा गावभर सांगायचे, फक्त दादाला सोडून. माझ्या हाताला काहीच नव्हतं. मी रोह्याला एका कंपनीत शिफ्ट करायचो. सुट्टीच्या दिवशी हौसेनं मूर्ती घासायला बसलो की बाबा म्हणायचे, "ऊठ, सोंडेची वाट लावशील."

एका वर्षी दादा बाबांशी कडाक्याचा भांडला आणि भरतीला निघून गेला. फौजेतही रंगारी लागतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. नोकरी संपल्यावर तो पेणला येईल असं वाटलं होतं. पण तो तिकडेच राहिला, जिथं तोफांची आणि दारूगोळ्याची चाचणी घेतात त्या जागी. तिथं मांडून ठेवलेल्या जुन्या रणगाड्यांची देखभाल करायचं काम त्यानं धरलं. सहा वर्षं गावाला फिरकला नाही. पत्रं यायची, पण अक्षर दुसऱ्याचं. बाबा म्हणायचे, "साहेब झालाय तो. लिहायला माणूस ठेवलाय."

मग बाबांची नजर गेली. ऑपरेशन केलं, फरक पडला नाही. कारखान्यात फळ्यांवर दीडशे मूर्ती रंगून बसलेल्या, आणि एकीलाही डोळे नाहीत. बाबांनी बाहेरचा एक आखणीवाला धरून ठेवला होता, पण नाइलाजानं. मला म्हणाले, "जा, दादाला घेऊन ये. तो बसला तर कारखाना राहील, नाय तर यंदा बंदच करतो. आणि हात बघ त्याचा. बघितलास की फोन कर, तोवर या माणसाला मी थांबवतो."

मी रजा टाकली आणि गेलो. गाडीतून उतरून बस, बसमधून उतरून जीप. जीपवाल्यानं फाटकाशी सोडलं तेव्हा वर लाल बावटा लागलेला. म्हणजे आत चाचणी चालू, रस्ता बंद. दादा पलीकडच्या टोकाला कामाला होता. बावटा उतरेपर्यंत तो येऊ शकणार नाही, असं फाटकावरच्या हवालदारानं सांगितलं आणि मला एका लांबलचक शेडमध्ये नेऊन बसवलं. "तोवर जुना माल बघा," म्हणाला.

जुना माल म्हणजे काय काय होतं! लढाईत शत्रूकडून पकडून आणलेला एक रणगाडा, त्याच्या पोटाला केवढं तरी भोक. विमानं पाडायची चार नळ्यांची तोफ. चाचणीत गोळे खाल्लेले वीतभर जाडीच्या लोखंडी लाद्या, फणसासारख्या उसवलेल्या. बाहेर क्षितिजापर्यंत वाळू, आणि मधूनच धाडकन आवाज व्हायचा, तो कानात नाही, पोटात बसायचा. एवढं लोखंड माणसानं माणसाला मारायला घडवलं आणि मग झाडूनपुसून मांडून ठेवलं. पाणी प्यायलो आणि पुढे गेलो.

शेवटच्या रणगाड्याच्या तोफेच्या बुरुजावर वाघाचं तोंड रंगवलेलं होतं. मी बघितलं आणि मोठ्यानं हसलोच. वाघ होता गुरगुरत, पण डोळे आमच्या गणपतीचे! वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढलेली, मध्ये भरलेली, टोकाला केसाएवढी. ही रेघ मी जन्मभर बघितली आहे. दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नाही.

मी रंगाला हात लावला. गुळगुळीत, चकचकीत. कुठं फुगा नाही, पोपडा नाही, बुरशी नाही. आमच्या पेणला दोन पावसाळ्यांत दुकानाच्या पाटीवरचं नाव वाचता येत नाही. खाडीचा खारा वारा लोखंडावरचा रंग सोलून काढतो. वाटेतल्या कासूकडची दमट हवा खात मी रोज रोह्याला जायचो, मला रंग कळतो तो तसा. माझ्या हिशेबानं हा वाघ फार तर गेल्या महिन्यातला होता.

हवालदार तिथंच उभा होता. कधी रंगवला, एवढं विचारायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का माझं? पण आनंदानं माणूस येडा होतो. मी फाटकाबाहेरच्या बूथवर पळालो आणि पेणला आमच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. बाबांना बोलावून घेतलं. "बाबा, दादाचा हात शाबूत हाय! ताजी आखणी बघून आलोय."

"स्वतः बघितलीस?"

"व्हय, हात लावून बघितली."

बाबा फोनवर रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी बावटा उतरला आणि दादा आला. मला बघून धावलाच. डाव्या हातानं मिठी मारली. उजवा हात खिशात. किती बारीक झाला होता! चहा मागवला, तोही डाव्या हातानं प्यायला. मी वाघाचं कौतुक चालू केलं, बाबा कसे रडले ते सांगितलं, तर त्यानं कप खाली ठेवला.

"तो वाघ सहा वर्षांपूर्वीचा हाय," दादा म्हणाला. "इथं पाऊस नाय, दमट नाय. सावलीतला रंग कशाला जातोय?"

मग त्यानं खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. त्याच वर्षी ट्रकचा मागचा फाळका पडला होता त्याच्यावर. आजूबाजूला एवढ्या तोफा फुटत होत्या, आणि हात गेला तो साध्या फाळक्यानं. बोटं होती सगळी, पण ती एकसारखी थरथरत होती. त्यानं त्या हातात पेन घेऊन दाखवलं. पेन टेबलावर टकटक वाजायला लागलं. मी म्हटलं, "ठेव रे दादा, ठेव." मला तो आवाज सहन होईना.

"बाबांना कळू नये म्हणून आलो नाय इतकी वर्षं," तो म्हणाला. "पण आता तू आलाच आहेस तर येतो. मूर्ती घासायला तरी बसू देतील ना? डावा हात चालतो माझा."

फौजेत वय घालवलेला माणूस, आणि घरी यायची परवानगी माझ्याकडं मागत होता. आम्ही दोघं बूथवर गेलो. तो बाहेर थांबला, मी आत जाऊन काचेचं दार लावलं.

बाबा दुकानातच बसून होते. मी फोडून सांगितलं सगळं.

"मग सकाळी तू बघितलंस काय?" बाबांनी विचारलं.

"जुना रंग बघितला, बाबा."

"त्या आखणीवाल्याला मी तेव्हाच जा म्हणून सांगितलं. दुसऱ्या कारखान्यात बसलासुद्धा तो."

"चुकलो मी. पण दादा येतोय, बाबा. घासायला बसेन म्हणतोय. घरी राहील."

"राहून करील काय? लोकांना काय दाखवू, तो हात? नको आणूस." आणि फोन ठेवला.

मला बाबांचा इतका राग आला की तो फोन उचलून आपटावा असं वाटलं. स्वतःचा त्याहून जास्त आला. काचेतून दादा माझ्या तोंडाकडं बघत होता. मी बाहेर आलो.

"काय म्हणाले?"

"कारखाना बंद करतायत."

"आणि मला?"

"तुझ्याबद्दल काय बोलले नाय."

"ये, असंपण नाय?"

"नाय," मी म्हणालो.

दादानं मान हलवली, डाव्या हातानं माझी पिशवी उचलली आणि मला सोडायला बसच्या थांब्याकडं चालायला लागला.