आमच्यातला त्यांचा माणूस

आंदोलन करणाऱ्या माणसाकडं काय काय साठतं म्हणून सांगू? फाटके बॅनर साठतात, घसा बसल्यावरच्या गोळ्या साठतात, आणि ह्या सगळ्यांहून जास्त साठतात ते संशय. संशय ताजा असतो तेव्हा लय जाळतो. जुना झाला की त्याचा किस्सा होतो. माझ्याकडं आता इतके झालेत, की लग्नाच्या शूटिंगला गेले तर लोक नवरा-नवरीला सोडून माझ्याभोवती खुर्च्या ओढतात.

मी शालन. माझा फोटो स्टुडिओ आहे. सातारा आणि सांगलीच्या मधे कुठंतरी आमचं गाव. नाव सांगत नाही, नानांची सक्त ताकीद आहे.

गावाच्या मधोमध बाजाराचं मैदान. नगरपालिकेनं ठरवलं, तिथं शॉपिंग कॉम्प्लेक्स बांधायचं आणि गुरुवारचा आठवडी बाजार बायपासच्या पलीकडं न्यायचा. आमच्या कमळाक्काला लग्न होऊन आल्यावर सासूनं मैदानात ज्या जागेवर बसवलं, त्याच जागेवर ती आजही माळवं, म्हणजे भाजीपाला, विकते. ती म्हणाली, "बायपासला पिशवी घिऊन चालत कोण येणार हाय? तिथं बसायचं म्हंजे आणल्यालं माळवं सांजच्याला म्हशीस्नी घालायचं." ह्या बाईचं सगळं घर त्या चार हात जागेवर उभं राहिलेलं. ती जागा गेली तर ती उठणार होती, आणि पुन्हा कुठंच बसणार नव्हती.

म्हणून आम्ही समिती काढली. पेपरवाले एक ओळ छापेनात, म्हणून यूट्यूब चॅनेल काढलं. कॅमेरा माझा, बातम्या वाचायला वैशाली, कमळाक्का चॅनेलचा चेहरा, आणि बाकी सगळं संपतनाना. नाना फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. प्रत्येक बैठकीची सुरुवात ते एकाच वाक्यानं करायचे. "चौकन्ना राहा. आपल्यात त्यांचा माणूस हाय."

*

पहिला झटका ठिय्याच्या वेळी बसला. आम्ही ठरवलं, कुणाला न सांगता जायचं आणि मुख्याधिकाऱ्यांच्या दारात अचानक बसायचं.

गेलो. तर दारात पोलिसांची गाडी उभी. आणि आमच्यासाठी सतरंज्या अंथरलेल्या, शेजारी पाण्याचा जार!

नानांचा चेहरा पांढराफटक पडला. "फुटलं," एवढंच म्हणाले. ठिय्या बाजूला राहिला, लगेच चौकशी बैठक लागली. सगळ्यांचे मोबाईल कमळाक्काच्या रिकाम्या टोपलीत जमा केले. नानांनी बेल-भंडारा मागवला आणि एकेकाला उचलायला लावला. माणसं थरथरत शपथा घेत होती. एक जण तर न केलेल्या गोष्टी कबूल करायला लागला होता.

तेवढ्यात वैशालीनं टोपलीतनं आपला फोन काढला आणि आमचंच चॅनेल उघडून दाखवलं. आमच्याकडं रिवाज असा, की काहीही झालं तरी त्याची बातमी टाकायची. कालची बातमी होती : 'समितीची गुप्त बैठक उत्साहात संपन्न. उद्या अकरा वाजता अचानक ठिय्या.' खाली ग्रुप फोटो, मधे हार घातलेले नाना.

"ही बातमी दिली कुणी?" नाना गरजले.

"तुमीच पाठवलीसा की नाना. वर प्रेसनोट म्हणून लिवलं हुतंसा."

नानांनी फोन डोळ्यांजवळ धरून बातमी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "पर मी त्यात गुप्त असं स्पष्ट लिवलं हुतं."

*

त्यानंतर आम्ही मैदानातच रोजचं धरणं धरलं, आणि तिथं एक अनोळखी माणूस यायला लागला. पन्नाशीचा, इस्त्रीचे कपडे, पायात बूट. धरण्याच्या कडेला बसायचा आणि घोषणा मात्र द्यायचा नाही. चहावाल्याला विचार, कमळाक्काला विचार, मला विचार, आणि विचारायचा फक्त वैशालीबद्दल. ती रोज किती वाजता येते, कुणाबरोबर येते, घरात कोण कोण आहे, मोर्चात पुढं असते का मागं, चटकन चिडते का.

नाना म्हणाले, "पोरीवर पाळत हाय. उचलणार तिला."

मला खरंच भीती वाटली. वैशालीला आम्ही दोन दिवस घरी बसवलं, तर ह्या गड्यानं तिच्या घराची वाट विचारली. मग मात्र नानांनी त्याला स्टुडिओत आणून स्टुलावर बसवलं, फोटोचे दोन्ही लाईट तोंडावर लावले आणि फौजी हिंदीत विचारलं, "किसने भेजा?"

"बहिणीनं," तो म्हणाला. घामानं डबडबलेला.

"कुठली बहीण? कुठलं डिपार्टमेंट?"

"आवं, शिराळ्याची माझी बहीण. मी मुलाचा मामा हाय. पोरगी बघायला यायच्या आधी जरा चौकशी नको का करायला?"

आमच्याकडं सोयरिकीची चौकशी अशीच गुपचूप होते, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. पण आंदोलनात शिरलं की माणूस सोयरीक विसरतो. मी पटकन लाईट बंद केले आणि पोहे सांगितले.

पुढं आठवडाभर शिराळ्याहून निरोप नाही. शेवटी कळलं ते असं : मुलगी पसंत आहे, आंदोलनात असली तरी चालेल, पण तिचा बाप लय तापट आहे. दिवे लावून मारायला उठतो.

बिचारे वैशालीचे वडील! नाना स्वतः शिराळ्याला जाऊन 'मी बाप न्हाई' असं सांगून आले, तेव्हा जमलं. शूटिंग मीच केलं.

*

चिथावणीखोराचा किस्सा तर मी नवीन माणसाला आधी बसवते आणि मगच सांगते.

मोर्चाला घोषणा देणारा खणखणीत आवाज पाहिजे होता. कोरेगावकडचा एक गडी आपण होऊन आला. "फुकट बोलतो, माइक तेवढा चांगला द्या," म्हणाला. नानांनी त्याची दोनदा रेकी केली आणि पास केलं. हा बैलगाडी शर्यतींचं समालोचन करतो, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

मोर्चा शांतपणे निघाला. ह्यानं पुढच्या रिक्षात बसून माइक हातात घेतला आणि सुरू झाला. "निघाली... निघाली... कमळाक्काची जोडी निघाली! उजव्या अंगानं माळी आळीच्या बायका! काय पळ हाय, काय पळ हाय! मागनं सुभेदार... सुभेदार मागं पडलं मंडळी!"

आमच्या भागातल्या माणसाच्या कानावर हा आवाज पडला की पाय आपोआप उचलतात. आधी चाल वाढली. मग बायकांनी पदर खोचले. आणि बघता बघता सबंध मोर्चा पळायला लागला. मी कॅमेरा घेऊन उलटी पळत होते. नगरपालिकेच्या वॉचमननं एवढा लोंढा बघितला आणि गेट बंद करून तो आत जाऊन लपला. मुख्याधिकारी डबा खात होते म्हणे, ते डब्यासकट मागच्या दारानं गेले.

नाना शेवटी राहिलेले. मागनं ओरडत होते, "धरा त्याला! कॉम्प्लेक्सच्या ठेकेदारानं सोडलेला माणूस हाय! मोर्चा भडकवतोय!" पण धरणार कसं? तो रिक्षात होता आणि आम्ही पायी.

गेटवर पोचल्यावर त्यानं पहिला नंबर कमळाक्काचा जाहीर केला. माणसं टाळ्या वाजवत होती. नानांनी त्याची कॉलर धरली. "खरं सांग, कुणी पाठवलं? मोर्चात असं बोलतात व्हय?"

तो अगदी रडवेला झाला. "नाना, मला हळू बोलता येत न्हाई. हळू बोललं की बैलं थांबत्यात."

*

हा छोटा आहे, पण ऐका. ठेकेदाराच्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर मला मिळाली. मी घेतली. पोट आंदोलन करत नाही.

समितीत कुजबुज झाली, फोटोवाली फितूर झाली म्हणून. मला राग आला, पण नानांनी वेगळीच युक्ती काढली. म्हणाले, "शालन, पंगतीचं सगळं शूटिंग आण. आपल्यातलं कोण कोण तिथं जेवलं, ते बघू."

स्टुडिओत बसून सगळ्यांनी बघितलं. पहिल्या पंगतीत समितीचे दोघं. नाना म्हणाले, "हं." दुसरीत वैशालीचे वडील. नाना म्हणाले, "हं हं." तिसऱ्या पंगतीत फेटा बांधलेला एक माणूस पाटावरच्या पाहुण्यांना हात धरधरून जिलबी वाढत होता. कॅमेरा वळला. नाना!

सगळ्यांच्या माना पडद्यावरनं नानांकडं वळल्या.

"ती माझ्या मेव्हण्याच्या साडूची पोरगी हाय," नाना म्हणाले. "तिथं वाढायला उभं ऱ्हायलो न्हाई तर पावण्यांत तोंड दाखवायला जागा न्हाई."

कमळाक्का म्हणाली, "आन् वांगी माझी हुती. चांगली झालती का?"

चांगली झाली होती, असं एकमतानं ठरलं. फितुरीचा विषय तिथंच मिटला.

*

आता गंमत बघा. एवढे संशयित तपासले, पण खरा गुप्त पोलीस आमच्यात रोज बसत होता आणि त्याच्यावर कुणाचाच संशय नव्हता. कारण तो सगळ्यांना माहीत होता.

शिंदे हवालदार. ठाण्यात गोपनीय शाखेला. साध्या कपड्यात यायचे, कमळाक्काच्या शेजारी पोत्यावर टेकायचे आणि आज काय बोलणी झाली, उद्या काय करणार, हे आम्हालाच विचारून वर कळवायचे. नाना त्यांना सविस्तर सांगायचे. शिंद्यांनी नीट ऐकलं नाही तर रागवायचे. माणसं पंधरा असली तर शिंदे 'शे-दीडशे' कळवायचे. म्हणायचे, "पंधरा सांगितलं तर साहेब म्हणतील, मग तू तिथं कशाला बसतोस."

एकदा शिंदे तीन दिवस आले नाहीत. धरण्यावर अवकळा आली हो! घोषणा द्यायलाही कुणाला उत्साह नाही. नाना म्हणाले, "गोपनीयवालं यायचं थांबलं म्हंजे सरकारनं आपल्याला मोजायचं सोडलं."

चौथ्या दिवशी बदली माणूस आला. तरुण, कडक. आणि तो चक्क बोट दाखवून मोजायला लागला! नाना भडकले. सरळ ठाण्यात गेले आणि साहेबांना म्हणाले, "आमचा हेर आमाला परत द्या."

शिंद्यांची सासू आजारी होती एवढंच. बरी झाली तशी ते परत आले, तेव्हा कमळाक्कानं त्यांना भाकरी आणि झुणका खायला घातला, आणि म्हणाली, "असं न सांगता जाऊ नका. जिवाला घोर लागतो."

*

शेवटचा सांगते आणि उठते.

बुधवारी कोर्टात, कॉम्प्लेक्सच्या कामाला स्थगिती मागणाऱ्या आमच्या अर्जावर सुनावणी होती. वकील म्हणाले होते, मैदान आहे तसं राहिलं तर आशा आहे, पण त्याआधी कुणी खणलं तर कशाला स्थगिती मागायची? कमळाक्का त्या दिवसांत जेवत नव्हती. तोंडानं बोलायची नाही, पण तिच्या जागेवरचा दगड सारखा हातानं पुसायची. मला बघवायचं नाही.

सोमवारी दुपारी शिंदे आले. पोत्यावर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "अक्का, उद्या घरी पावणं हायत. मेथी लागंल. सकाळी सातला मिळंल का?"

"उद्या मंगळवार," कमळाक्का म्हणाली. "उद्या कुठला बाजार? घरनं घिऊन जावा."

"न्हाई, मला हितंच पायजे. ह्याच जागंवर." शिंदे इकडंतिकडं बघत होते. "आन् एकट्या नका बसू. पावणं लय हायत. सगळ्यांचंच माळवं लागंल."

कमळाक्कानं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "बरं." आणि टोपली उचलून आळी-आळीनं हिंडायला गेली.

मंगळवारी सकाळी सातला सगळं मैदान भरलेलं होतं. मेथी, वांगी, दोडकी, मिरच्या, पाय ठेवायला जागा नाही. थोड्या वेळानं जेसीबी आला, मागनं ठेकेदार, त्याच्यामागं पोलिसांची गाडी. साहेब खाली उतरले आणि बघतच राहिले. "आज कसला बाजार भरवलाय?"

"गिऱ्हाइकानं सांगितलंय साहेब," कमळाक्का म्हणाली. "आर्डर हाय."

जेसीबी दुपारपर्यंत उभा राहिला आणि गेला. बुधवारी स्थगिती मिळाली. कमळाक्का मैदानात उभी राहून लहान पोरीसारखी रडली. माझाही कॅमेरा हलला, ते शूटिंग कामाचं नाही.

गुरुवारी नेहमीचा बाजार भरला. शिंदे आले, पोत्यावर टेकले. नानांना विजय पचत नव्हता. ते शिंद्यांना म्हणाले, "आता झालं गेलं. एक खरं सांगा. आमच्यात तुमचा माणूस कोण?"

"मीच की," शिंदे म्हणाले. "पर नाना, ठाण्यात येगळाच घोळ झालाय. साहेब म्हणत्यात, आपल्यात त्या समितीचा माणूस हाय. जेसीबीची बातमी आदीच फुटली. त्येला हुडकून काढायचा हुकूम झालाय."

"कुणाला?"

"मला."

कमळाक्कानं मेथीची जुडी बांधली आणि शिंद्यांच्या पिशवीत टाकली. "मग? घावला का?"

"तपास चालू हाय, अक्का."

"सावकाश करा," कमळाक्का म्हणाली. "दर बेस्तरवारी हितं येऊन हुडकत जावा."