नाटे गावाहून येणारं उत्तर

मालिनी जोगळेकर रत्नागिरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी हॅम रेडिओचा परवाना काढला, गच्चीवर तार ताणली आणि खालच्या खोलीत रेडिओ संगणकाला जोडला. हवेत भेटलेला त्यांचा पहिला माणूस शेजारच्याच तालुक्यातला निघाला. नाटे गावचे भिकाजी मयेकर. उभी हयात मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढलेली.

मैत्री वाढली ती भांडणावरच. बाईंना एफटी-एट ही संगणकावरून संदेश पाठवायची पद्धत आवडे. सिग्नल खरखरीत बुडालेला असला तरी ते सॉफ्टवेअर तो वेचून काढी, आणि बाई घरबसल्या जपान गाठत. भिकाजी म्हणायचे, त्यात माणूस कुठाय? परवान्यावरचा कॉलसाइन, सिग्नलचा आकडा, रामराम, झालं. त्यांचा जीव पीएसके या जुन्या पद्धतीवर. त्यात समोरचा टाइप करतो ते अक्षरन् अक्षर उमटतं, चुकून खोडतो तेही दिसतं. पण सिग्नल जरा पडला की अक्षरांची खिचडी, हे बाई त्यांना ऐकवत. शेवटी दोघांनी जेएस-एट कॉल घेतलं. एफटी-एटसारखं चिवट, आणि सावकाश का होईना, मनातलं वाक्य लिहिता येतं. शिवाय मालक जागेवर नसताना कोणी हाक मारली, तर ते आपणहून उत्तर देतं.

पावसाळा सरता सरता भिकाजी गेले. हृदय बंद पडलं. बाईंचा पाय मुरगळलेला, त्यामुळे जाणं झालं नाही. फोन केला, पण त्यांची बायको मथुरा आणि बाई, दोघींनाही धड बोलता आलं नाही. मग कितीतरी दिवस रेडिओवर कापड पडून होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी बाईंनी ते काढलं. जेएस-एट उघडलं आणि ऐकेल त्या सगळ्यांसाठीची नेहमीची हाक सोडली. पुण्याहून उत्तर आलं, हुबळीहून आलं. आणि त्यांच्याखाली तिसरी ओळ उमटली. भिकाजींचा कॉलसाइन.

नाट्याचं यंत्र चालूच राहिलंय, एवढं त्यांना लगेच कळलं. तरी त्यांनी माहिती विचारणारी खूण पाठवली. पडद्यावर रोमन अक्षरांत भिकाजींनी कधीचा भरून ठेवलेला मजकूर आला: चहा टाकलाय, बसा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा हाक मारली. मग रोजच. सिग्नल जोरात आला की वाटे, आज भिकाजी खुशीत आहेत. क्षीण आला तर काही बोललं का आपण, असं मनात येई. शाळेत भुताखेतांना हसणाऱ्या बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. एका दुपारी उत्तर आलं नाही, तर त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं, आणि इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच त्यांना भीती वाटली. तशाच उठून त्यांनी नाट्याची एसटी धरली.

मथुराने त्यांना ओटीवर बसवलं. काल दिवसभर वीज नव्हती, आली तसं यंत्र आपलं आपण सुरू झालं, म्हणाली. आतल्या खोलीत रेडिओचा दिवा लुकलुकत होता. समोरच्या खुर्चीवर टॉवेल घडी करून ठेवलेला, आणि टेबलावर भरलेला कप. चहावर साय धरली होती.

"बंद नाही केलंत, वहिनी?"

"कसं करू? दुपारी हे बोलतात अजून," मथुरा हळू म्हणाली. "आतून खटका वाजतो, पंखा घरघरतो. मग मी चहा ठेवते."

आपण हाक मारली की उत्तर द्यायला यंत्र हवेवर जातं, आणि तेव्हाच तो खटका होतो. इतके दिवस या घरात त्या स्वतःच वाजत होत्या.

"वहिनी, ती मी होते," त्यांनी सांगून टाकलं. हाक कशी जाते, उत्तर कसं येतं, सगळं. गेलेल्या माणसाचा कॉलसाइन हवेत जाता कामा नये, हेही.

मथुराने कपातली साय बोटाने बाजूला केली. "म्हणजे तुम्हालापण हेच पायजे होतं," ती म्हणाली. मग, "उद्या एकदा मारा हाक. मी बसते इथं. मग करते बंद."

बाईंनी तिला बटण दाखवलं.

दुसऱ्या दुपारी त्यांनी आपल्या घरून हाक मारली. उत्तर आलं, चांगलं जोरात. माहिती विचारली. चहा टाकलाय, बसा. बाई बराच वेळ तशाच बसल्या. ठरलं नसताना त्यांनी आणखी एकदा हाक सोडली. पुण्याहून उत्तर आलं. त्याखाली ओळ आली नाही.

आता त्या एफटी-एटवरच असतात. दुपारी मात्र रेडिओ लावत नाहीत. त्या वेळी मथुराचा फोन येतो. ती मासळीचं सांगते, विहिरीच्या पाण्याचं सांगते. बोलता बोलता दोघी गप्प होतात, आणि बराच वेळ कोणीच हॅलो म्हणत नाही.