हललेल्या हातांचा फ्लेक्स

संगीतावर जीव ओवाळून टाकणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण धड ऐकू येत नसताना संगीतावर इतका जीव टाकणारा माणूस चंद्रपूरकडच्या आमच्या सबंध झाडीपट्टीत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. आम्हा दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. त्यामुळे मानाने ते मोठे, आणि आवाजाने तर फारच मोठे. तरुणपणी ते गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत सुरुंगाच्या कामावर होते. चार-पाच वर्षांनी कान तिथेच ठेवून ते आपल्या गावी, सावलीला, परत आले आणि पेंटर झाले. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याला वाटतं, दुसऱ्यालाही येत नसणार. सासऱ्यांच्या मोतीबिंदूची गोष्ट त्यांनी एकदा बसस्टँडवर "कोणाले सांगू नको" म्हणून माझ्या कानात कुजबुजली, तेव्हा समोरच्या चहावाल्याने तिथूनच डॉक्टरचं नाव सुचवलं.

अशा माणसाने गाण्यापासून चार हात लांब राहावं की नाही? पण नाही. पंचक्रोशीत कुठेही नाटक असो, भजन असो, साडू पेटीला आणि ढोलकीला खेटून बसलेले. नुसते बसत नसत, पेटीच्या लाकडावर पंजा ठेवून बसत. पेटीवाला कावला की हात काढत, तो गाण्यात रंगला की पुन्हा ठेवत. मी एकदा चंद्रपूरहून कानाचं यंत्र आणून दिलं. ते लावून त्यांनी एक सबंध भजन ऐकलं, यंत्र काढून चष्म्याच्या घरात ठेवलं आणि जाहीर केलं की हे यंत्र पेटीचा आवाज डब्यात गोटे हलवल्यासारखा करतं, त्यापेक्षा पंजा बरा. ते यंत्र अजून त्या चष्म्याच्या घरातच आहे. चष्मा मात्र दोनदा हरवला.

पुढे फ्लेक्स आले आणि गावोगावचे पेंटर हातावर हात ठेवून बसले. साडूंनी मात्र शिडी विकली, शेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरचा क्लास लावला, एक जुना कॉम्प्युटर घेऊन घराच्या पुढच्या खोलीत ठेवला आणि फोटोशॉप नावाच्या प्रकरणावर असे तुटून पडले की मेव्हणी म्हणे, लग्नानंतर यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक चित्रांचे थर रचतात, त्यांना लेयर म्हणतात. साडूंच्या लेयरमध्येसुद्धा वडीलकी होती. वयाने मोठा कलावंत वर, धाकटा खाली. मग डिझाइन बिघडलं तरी चालेल. कुणाचा फोटो कापून घ्यायचा तर पायांसकट कापत. पाय पेटीमागे झाकले जाणार, दिसणारसुद्धा नाहीत, असं मी म्हटलं तर म्हणाले, "दिसून नाई राह्यले म्हणून काय झालं गा? पाय नसले तं माणूस कार्यक्रमाले येईन कसा?" मोठी फाइल सेव्ह व्हायला इतका वेळ लागे की तेवढ्यात ते ओसरीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेत. घोटता घोटता लाइट गेली की मान वर करून विजेच्या तारांकडे पाहत जे बोलत, ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. पण लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, तीही हसत.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, गावच्या संगीत पार्टीचा मोठा कार्यक्रम ठरला आणि वेशीवर लावायच्या वीस फूट बाय दहा फुटांच्या फ्लेक्सचं काम साडूंना मिळालं. मी तेव्हा बल्लारपूरला पेपर मिलमध्ये नोकरीला होतो. फोनवर साडूंना काहीच ऐकू येत नसे, म्हणून ते फोन करत, बोलत आणि ठेवून देत. तसाच फोन आला: शनिवारच्या गाडीने मूल स्टेशनला उतर, नवा कॅमेरा आण, वीस फूट आहे वीस फूट. मी गेलो, तर साडू अंगणात येरझाऱ्या घालत होते, जणू घरात लग्न निघालंय. मला हात धरून त्यांनी कॉम्प्युटरसमोर बसवलं, दार लावलं आणि चक्क हळू आवाजात बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डावा कान गेलेलाच होता. उजवाही वर्ष-दोन वर्षांत पुरता जाईल, असं चंद्रपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं. घरात कुणाला माहीत नव्हतं. "कान गेले तं जाऊ दे, साडभाऊ," ते म्हणाले, "पण गाणं दिसलं तं पायजे. हे बॅनर मले असं करायचं आहे का पायल्यावर आयकू आलं पायजे."

हे सांगून होतंय तोवर ते कामाला लागलेसुद्धा होते. आधी त्यांनी क्लासवाल्यांच्या सीडीतली ती जिलबीसारखी इंग्रजी संगीताची चिन्हं लावून पाहिली आणि "हे इथी कोण वाजवते?" म्हणून पुसून टाकली. मग पेटीतून रंगीत लाटा काढल्या. त्या अशा निघाल्या की पेटीला आग लागल्यासारखी वाटे. मग गायिकेच्या तोंडातून चांदण्या काढल्या. मेव्हणी चहा घेऊन आली, पाहून म्हणाली, बिचारीला ठसका लागला का? साडूंना ते ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी चांदण्या पुसल्या. प्रत्येक वेळी ते पाच पावलं मागे जात, डोळे मिटत, एकदम उघडत आणि म्हणत, "नाई. आवाज नाई."

राहिले होते ढोलकीवाले बाबा. बोडीत, म्हणजे गावच्या लहान तलावात, मासेमारी करून पोट भरणारा सत्तरीचा माणूस. चाळीस वर्षं पार्टीची ढोलकी त्यांच्याकडे, पण पोस्टरवर कायम गाणाऱ्यांचे चेहरे. यांचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नव्हता. आम्ही सकाळी बोडीवर गेलो. बाबा जाळं झटकत होते. फोटो म्हणताच ते म्हणाले, ढोलकीशिवाय बसलो तर मी कोण हे लोकांना कसं कळेल? घरून ढोलकी आणली आणि चिंचेखाली बसून असे वाजवायला लागले की मी कॅमेरा विसरलो. सावलीतला उजेड कमी, माझा हात नवशिका. घरी येऊन पाहतो तर प्रत्येक फोटोत बाबांचा चेहरा स्वच्छ, आणि हात पार विरघळलेले, धूर झालेले. मी शरमलो, पुन्हा काढू म्हणालो. साडू स्क्रीनकडे पाहत उभेच राहिले. पाच पावलं मागे गेले. डोळे मिटले, उघडले. मग त्यांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की कॅमेरा हातातून पडता पडता राहिला. "वाजून राह्यला गा," ते ओरडले, "पाय, वाजून राह्यला!" बाहेर दोन म्हशी उठून उभ्या राहिल्या.

बाबांचा तो फोटो त्यांनी फ्लेक्सच्या मधोमध, आठ फूट उंच घेतला. बाकी पार्टी दोन बाजूंना. संध्याकाळी मंडईची कमिटी पाहायला आली आणि घोळ झाला. अध्यक्षांची राइस मिल होती आणि मतं ठाम होती. एक, कमिटीच्या बावीस जणांचे फोटो कुठे आहेत? दोन, एवढ्या मोठ्या बॅनरवर हललेला फोटो? लोक म्हणतील, कमिटीने भूत आणलं वाजवायला. साडूंनी ठासून सांगितलं की वादकांच्या मध्ये पासपोर्ट फोटोंची रांग लागणार नाही, आणि हात असेच राहतील. हात थांबले तर ढोलकी थांबली. अध्यक्षांनीही ठासून सांगितलं की उद्या दुपारपर्यंत हात स्वच्छ झाले नाहीत तर काम चंद्रपूरला जाईल. दुसऱ्या सकाळी आम्ही पुन्हा बोडीवर. बाबांना हात स्थिर ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवले. फोटो उत्तम आला. साडूंनी तो लेयर चढवला, बराच वेळ पाहिला आणि खुर्चीत बसले. जेवायलाही उठले नाहीत. मेव्हणीने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी स्क्रीनवरच्या हातांकडे बोट दाखवलं. डॉक्टरचं ते माझ्यापाशीच होतं.

आणि एकाएकी साडू उठले. जुना लेयर परत आणला, खाली वीस फूट लांब पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची रांग काढली, आणि कमिटीच्या बावीसही जणांना पेटीच्या पट्ट्यांवर उभं केलं. एका पट्टीवर एक सदस्य, काही पांढरीवर, काही काळीवर. दुपारी कमिटी आली ती भांडायच्या तयारीने, पण आल्या आल्या सगळे स्वतःला शोधू लागले. मग पहिला प्रश्न आला: "मी पांढरीवर काऊन?" साडूंनी गंभीरपणे सांगितलं की काळी पाचच्या उंच सुरात गायला छातीत दम लागतो, म्हणून तिथे अध्यक्ष. अध्यक्षांची मान ताठ झाली. झालं, मग जो तो काळी मागू लागला. दोन सदस्यांचा शेताच्या बांधावरून वाद होता, ते नेमके पांढरी तीन आणि पांढरी चारवर आले होते. मध्ये एक काळी टाकून आम्हाला वेगळं करा, असं दोघांचंही म्हणणं पडलं. दोन वर्षांत त्यांचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट. पण त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काळी नसते. साडू म्हणाले, पेटी खोटी काढणार नाही. तो वाद दोन तास चालला. चहा तीनदा झाला. बावीस माणसांनी बावीस पट्ट्या तपासल्या, आणि बाबांच्या हातांकडे एकाचंही लक्ष गेलं नाही. अध्यक्ष जाताना म्हणाले, "आता कसं बरोबर झालं."

मंडईच्या दिवशी फ्लेक्स वेशीवर चढला. लोक ट्रॅक्टर थांबवून पाहत होते. बाबा खांद्याला ढोलकी अडकवून आले, बराच वेळ वर पाहत उभे राहिले. घरात आरसा होता तो बायकोचा. स्वतःचा चेहरा एवढा मोठा त्यांनी कधी पाहिला नव्हता. मला विचारलं, "हा बुढा कोण व्हय?" मग नजर खाली आली. "हात तं माहे दिसतेत," ते म्हणाले, आणि खांद्यावरची ढोलकी उगीचच नीट केली. साडू शेजारी उभे होते. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी विचारलंही नाही. ते वर पाहत होते आणि त्यांचा पाय जमिनीवर ठेका धरत होता.

कार्यक्रम संपल्यावर सदस्यांनी आपापली पट्टी कापून नेली. अध्यक्षांची काळी पाच अजून राइस मिलमध्ये आहे. कडेचे तुकडे धानाच्या पुंजण्यांवर, म्हणजे शेतात रचलेल्या ढिगांवर, झाकायला गेले. मधला आठ फुटांचा भाग साडूंनी घरी आणून पुढच्या खोलीच्या भिंतीवर ठोकला. आता त्यांचे दोन्ही कान पुरते गेले आहेत. पेटीवर पंजा ठेवला तरी नुसती थरथर लागते, सूर येत नाही, असं त्यांनीच मला फोन करून सांगितलं. बाजाराच्या दिवशी मासे विकून झाले की बाबा तिथे येतात, भिंतीखाली बसतात आणि वाजवतात. साडू बाबांकडे बघत नाहीत, भिंतीवरच्या हातांकडे बघतात, मान हलवतात आणि मोठ्याने "वा" म्हणतात.

मला तालातलं थोडं कळतं. साडूंची दाद समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडत नाही, अलीकडे-पलीकडे कुठेही पडते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. मग नीट ऐकलं. बाबांचे डोळे साडूंच्या मानेवर असतात. मान खाली यायला लागली की चाळीस वर्षं तालाला पक्का असलेला तो माणूस हातातला बोल अर्धा सोडतो आणि सम उचलून तिथे आणतो, जिथे मान पडेल तिथे. हे मी साडूंना सांगितलेलं नाही. बोललो तर ऐकू येणार नाही, आणि लिहून दाखवायला माझा हात धजत नाही.