अण्णांचं ‘नंतर’

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, संगणकानं काही विचारलेलं खपत नसे. पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटची चौकट उगवली की दारात वर्गणीवाले आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. चष्मा वर सरकवून ‘नंतर’ या बटणावर ते असं बोट हाणायचे की माऊस टेबलावर उडायचा. म्हणायचे, “चोर निदान विचारत नाय. हा रोज विचारून घरात घुसायला बघतो.”

आधीच सांगते, मला अण्णा आवडत नसत. त्यांनाही मी आवडत नव्हते. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यावर पडेगावच्या घरात त्यांच्या हुकमाखाली उरलो होतो ते आम्हीच. पंखा कितीवर ठेवायचा इथपासून फाटक कोणी लावायचं इथपर्यंत सगळं त्यांच्या मर्जीनं. दिवाणखान्यातला संगणकही त्यांचाच. त्यावर मी लग्नपत्रिकांची डिझाइनं करायचे, त्याला ते ‘चित्रं काढत बसणं’ म्हणत. पाहुण्यांसमोर म्हणत, ते जास्त लागायचं.

एकदा ते करमाडला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते, तेव्हा मी संधी साधली. सेटिंग्ज उघडून पाहिलं तर सुरक्षेचे अपडेट कितीतरी महिन्यांपासून तुंबलेले. सुरू केले. निम्मे झाले आणि अण्णा परतले. पडद्यावर ‘संगणक बंद करू नका’ अशी सूचना होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली आणि भिंतीतला प्लग उपटला.

“अण्णा, मशीन बिघडेल अशानं!”

“बिघडू दे. माझ्या घरात मला ‘बंद करू नका’ सांगणारं हे कोण?”

मशीन वाचलं, पण बरेच दिवस कण्हत चालत होतं. त्याच दिवशी अण्णांनी पासवर्डही बदलला. मला काम असलं की ते स्वतः येऊन टाईप करायचे, तेही मी पाठ फिरवल्यावरच. नवऱ्याकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, “तुला काय करायचंय? चालतंय ना?”

चालत होतं, ते लग्नसराईपर्यंत. पाचोडच्या एका घरच्या पत्रिका तयार होऊन छपाईला जायच्या होत्या. सकाळी संगणक लावला तर एकही फाइल उघडेना. पडद्यावर पैसे मागणारी इंग्रजी धमकी. खबरदारी म्हणून मी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली होती, पण ती डिस्कही मशीनलाच जोडलेली होती. तीही कुलूपबंद झाली.

संगणक दुरुस्त करणाऱ्या नसीमभाईंना बोलावलं. त्यांनी बराच वेळ खटपट केली. मेलमधून आलेली कुठलीतरी फाइल उघडली गेली होती, आणि जुन्या पडलेल्या मशीनमध्ये तिला वाट सापडली होती. “अपडेट होते तो शायद वहीं रुक जाता, चाचा,” ते हळूच म्हणाले. “अब साफ करना पडेंगा. अंदर का कुछ नै बचता.”

अण्णा माझ्याकडे वळून गरजले, “बघ! मी म्हणलो नव्हतो, ही मशीनची जातच हरामी आहे?”

माझा तोल गेला. लग्न होऊन आल्यापासून जे गिळत आले होते ते सगळं नसीमभाईंच्या देखत बाहेर पडलं. “मशीन हरामी नाही, अण्णा. तुमचा हट्ट आहे तसा. माझी सगळी मेहनत गेली, आणि तुम्हाला अजून तुमचंच खरं करायचंय!”

घरात त्यांना असं कुणी बोललेलं नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. अण्णा मात्र ओरडले नाहीत. खुर्चीवर बसले आणि नसीमभाईंना विचारलं, “फोटो पण गेले? बापूचे?”

बापूकाका त्यांचे धाकटे भाऊ. माझ्या लग्नाआधीच पुण्याच्या दवाखान्यात वारलेले. तेव्हा करोनामुळे भेटायला सोडत नव्हते, एका नर्सनं व्हिडिओ कॉल लावून दिला होता. एवढं मला माहीत होतं. पुढचं त्या दिवशी अण्णांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता.

“बापू बोलत होता. काहीतरी सांगत होता. आणि हे मधीच बंद पडून अपडेट करत बसलं. मी नुसता तो गोल फिरताना बघत होतो. सुरू झालं तवर तिकडं कुणी उचलंना. दुपारी गेला तो.” मग म्हणाले, “आधी चार-पाच दिवस विचारत होतं ते. मीच टाळत होतो.”

माझा राग त्यानं गेला नाही. कुणी दुःखी आहे म्हणून त्यानं आपल्याला छळलेलं पुसलं जात नाही. मी रडत रडत पत्रिका पुन्हा करायला घेतल्या, नसीमभाईंच्या दुकानात बसून. अण्णा दोन वेळा जेवले नाहीत.

मशीन साफ होऊन घरी आलं तेव्हा ते माझ्यासमोर उभे राहिले. “ते अपडेट कसं बघतात, दाखव. उपकार केल्यासारखं नको दाखवू.”

मी दाखवलं. आधी चालू काम सेव्ह करायचं, मग सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर जाऊन तपासायचं, उतरवून घ्यायचं, आणि कुणाचं काही चालू नसताना मशीन पुन्हा सुरू करायचं. डिस्क एरवी काढून कपाटात. त्यांनी तेवढ्यातही माझ्या तीन चुका काढल्या.

आता छळ उलट दिशेनं सुरू झाला. शुक्रवारी सकाळी नाष्ट्याआधी अण्णा मशीनसमोर पहाऱ्याला बसत. तेवढ्या वेळात त्या खोलीत कुणी झाडूही मारायचा नाही. नवऱ्याचा लॅपटॉप, माझा मोबाइल, सगळ्यांची झडती. “केलं का? दाखव. तोंडी नको सांगू.” शेजाऱ्यांकडे जाऊनही असंच दरडावत, आणि शेजारी दार उघडेनासे झाले. पासवर्ड मात्र एक दिवस न मागता सांगून टाकला, तोही भाजीत मीठ जास्त झाल्याबद्दल बोलता बोलता.

गेल्या हिवाळ्यात त्यांना छातीत दुखायला लागलं. रिक्षात बसवताना मी त्यांचा दंड धरला तर हिसडा देऊन म्हणाले, “मी चालतो. तू घरी थांब, तुझं काम अडेल.” माझ्या कामाला त्यांनी काम म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी तरीही गेले, म्हणून वाटभर बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ते गेले.

तेराव्याला आलेले लोक म्हणत होते, सुनेवर फार जीव होता हो त्यांचा. मी कुणाचं खोडून काढलं नाही. पण तसं नव्हतं. आमचा एकमेकांवर नुकता कुठं विश्वास बसत आला होता. जीव लागायला अजून थोडा काळ हवा होता.